गाणं कुणी राखलं?



वरणाला फोडणी देताना आपण हिंगाची डबी उघडतो. चिमूटभर हिंग तेलात पडला की घरभर वास सुटतो. पण हा हिंग येतो कुठून? आपल्या शिवारात तर तो पिकत नाही. अफगाणिस्तान आणि इराणच्या कोरड्या डोंगरांत हिंगाचं झाड उगवतं. त्याच्या मुळाला चीर देतात, चीक गोळा करून वाळवतात आणि तो आपल्याकडे पाठवतात. शेकडो वर्षं हा व्यापार चालत आला आहे.

त्याच वाटेनं आणखी एक गोष्ट आपल्याकडे आली. ती म्हणजे गाणं-बजावणं. आपल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला जी धून वाजते, ती सरोदची. परवा एका बचत गटातल्या ताईंनी फोन करून विचारलं, "हे वाद्य कुठलं हो?" त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही थेट काबूलपर्यंत जाऊन पोचलो. तिथली गोष्ट फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आजचं सगळं बोलणं त्या ताईंच्या प्रश्नावर.

सरोदच्या आधी रबाब होता. रबाब हे अफगाणिस्तानचं लाडकं वाद्य. तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून त्याचं अंग करतात. खालच्या पोकळीवर बकऱ्याचं कातडं ताणून बसवतात. वर तीन मुख्य तारा असतात. त्या छेडल्या की बाजूच्या दहा-पंधरा बारीक तारा हात न लावताच झंकारतात. एकीनं सूर धरला की बाकीच्या जणी आपोआप गुणगुणू लागतात ना, तसं.

अठराव्या शतकात पठाण सैनिक आणि घोड्यांचे व्यापारी हा रबाब हिंदुस्थानात घेऊन आले. त्यांच्या मुला-नातवंडांनी इथं त्यात बदल केले. पट्टीवर धातूचा पत्रा बसवला, पोलादी तारा लावल्या आणि त्यातून सरोद घडलं, असं संगीताचे बरेच अभ्यासक मानतात. उस्ताद अमजद अली खां यांचं घराणंसुद्धा मूळचं बंगश पठाणांचं.

देवाणघेवाण एकाच बाजूनं झाली नाही. १८६० च्या दशकात काबूलचे अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई आणि वादक आपल्या दरबारी बोलावले. बाला हिसार किल्ल्याजवळ त्यांना राहायला जागा दिली. त्या मोहल्ल्याचं नाव खराबात. पिढ्या उलटल्या. ही घरं दारी भाषा बोलू लागली, तिथलीच होऊन गेली. पण त्यांच्या तोंडी राग, ताल हे शब्द राहिलेच. तबला राहिला. पुढं आपली बाजाची पेटीही तिथं रुळली. विसाव्या शतकातले मोठे गायक उस्ताद सराहंग याच खराबातचे. ते पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खां यांच्याकडे शिकले होते.

आपल्या महाराष्ट्राचाही या गोष्टीत एक धागा आहे. रबाबचे थोर वादक उस्ताद मोहम्मद उमर १९७४ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात शिकवायला गेले होते. तिथल्या त्यांच्या मैफलीत तबल्याला बसले होते आपल्या मुंबईचे झाकिर हुसेन, तेव्हा जेमतेम तेविशीचे. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढं ते प्रसिद्धही झालं. म्हणून ती मैफल आजही ऐकता येते. उस्ताद १९८० साली वारले. तोवर त्यांच्या देशात लढाई सुरू झाली होती, आणि ती पुढं दशकानुदशकं चालली.

लढाईचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अफगाणिस्तानात गाणं सगळ्यांना हवं होतं, पण गाणारा कुणाला आपल्या घरात नको होता. लग्नात सनईसारखी सोरना आणि ढोल वाजवायला न्हाव्याच्या घरातली माणसं यायची. त्यांच्याशिवाय वरात हलायची नाही, पण त्यांच्याशी सोयरीक करायला कुणी तयार नसायचं. पेशानं गाणारा म्हणजे खालचा, असा समज होता. गाणारी बाई असेल तर विचारायलाच नको.

हे आम्ही मनानं सांगत नाही. वेरॉनिका डबलडे नावाच्या एक इंग्रज बाई १९७० च्या दशकात नवऱ्याबरोबर हेरात शहरात राहायला गेल्या. हेरात हे अफगाणिस्तानच्या पश्चिमेचं, इराणकडचं जुनं शहर. तिथं लग्नात बायकांची बैठक वेगळी आणि पुरुषांची वेगळी. बायकांच्या बैठकीत गायला बायकांचेच ताफे. त्यांत पेटी असायची, तबला असायचा आणि दायरा असायचा. दायरा म्हणजे मोठ्या गोल कडीवर कातडं ताणलेली डफासारखी वस्तू, आतून छोट्या कड्या लावलेली. ती बोटांनी वाजवतात. हे वाद्य बायकांचंच. घरोघरी मुली खेळता खेळता ते शिकायच्या.

डबलडेबाई नुसत्या लिहून घेत बसल्या नाहीत. जैनब हेरावी नावाच्या गायिकेला त्यांनी गुरू केलं, तिच्याकडून गाणी आणि दायरा शिकल्या आणि तिच्याच ताफ्यात बसून लग्नांत गायल्या. पुढं १९८८ साली त्यांनी हेरातच्या तीन बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यातली एक जैनब. लग्नाच्या रात्री जिच्या गाण्यावर सगळं घर डोलायचं, तिलाच दुसऱ्या दिवशी लोक नावं ठेवायचे. मैत्रिणींनो, असं वागणं आपल्याला काही परकं नाही.

अशा वेळी गाण्याला थोडी इज्जत मिळवून दिली ती रेडिओनं. १९४० च्या सुमारास काबूल रेडिओचं प्रसारण नियमित झालं. खराबातचे उस्ताद तिथं गाऊ लागले, शिकवू लागले. देशाच्या कानाकोपऱ्यातली गाणी एका ठिकाणी आली. पश्तो, दारी, उझबेक, सगळ्यांना एकमेकांची गाणी ऐकू येऊ लागली. चांगल्या घरातली माणसं टोपणनाव घेऊन गाऊ लागली. १९५० च्या दशकात परवीन नावाच्या गायिकेचा आवाज रेडिओवर आला. ती प्रतिष्ठित घराण्यातली होती. तिच्यामागून इतर बायका आल्या.

त्यांतलीच एक फरीदा महवश. जन्म १९४७ चा. ती रेडिओच्या कचेरीत टंकलेखनाचं काम करायची. तिचा गळा वरिष्ठांच्या कानावर पडला आणि तिला माइकसमोर उभं केलं. उस्ताद हाशिम यांच्याकडे ती रीतसर शिकली. त्यांनी बांधलेली एक रागमाला तिनं गायली. रागमाला म्हणजे एकाच गाण्यात एका रागातून दुसऱ्या रागात जायचं आणि वाट चुकायची नाही. भल्याभल्यांची त्यात परीक्षा होते. १९७० च्या दशकात तिला 'उस्ताद' ही पदवी मिळाली. अफगाणिस्तानात ती मिळवणारी ती पहिली बाई.

आणि मग लढाई आली.

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवादी पक्षानं सत्ता घेतली. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्या. रेडिओवर गाणी चालू होती, पण आता सरकारचं गुणगान करणारी गाणी हवी होती. जो गाईल तो एका बाजूचा, जो गाणार नाही तो दुसऱ्या बाजूचा. गवयाला मधे उभं राहायला जागाच उरली नाही. लोक देश सोडून निघाले. १९९० पर्यंत पाकिस्तान आणि इराणमध्ये मिळून सुमारे ६० लाख अफगाण निर्वासित होते.

निर्वासितांच्या छावण्यांत गाणं नव्हतं. आधी आम्हाला वाटलं, मौलवींनी मनाई केली म्हणून. तेही होतंच. पण दुसरं कारणही होतं. लढाईवरून रोज कुणाच्या ना कुणाच्या मुलाच्या, नवऱ्याच्या मरणाची बातमी यायची. शेजारच्या तंबूत दुखवटा असताना आपण वाजवायचं कसं? आपल्या गावातसुद्धा आळीत मयत झाली तर लग्नघरचा बाजा थांबतोच की. फरक एवढाच, की तिथला दुखवटा वर्षानुवर्षं संपला नाही.

गाण्यावर पोट असलेली माणसं म्हणून छावणीत राहिली नाहीत. ती सरहद्दीजवळच्या पेशावर शहरात गेली. माडीवर एखादी खोली भाड्यानं घ्यायची, बाहेर पाटी लावायची आणि लग्नाच्या सुपारीची वाट बघायची. डबलडेबाईंचे पती जॉन बेली हे संगीताचे अभ्यासक. १९८५ साली त्यांनी पेशावरमधल्या अशाच एका निर्वासित वादकावर 'अमीर' नावाचा माहितीपट केला. परक्या शहरात पोटासाठी तिथल्या लोकांच्या आवडीची गाणी वाजवायची, आणि आपलं जुनं घरी येऊन मुलाला शिकवायचं, अशी ही जगण्याची रीत.

या घरी शिकवण्याला कुणी मोठं काम म्हटलं नाही. पण बघा काय झालं ते. सिअ‍ॅटलला मैफल करणाऱ्या उस्ताद मोहम्मद उमर यांचे शिष्य होते गौसुद्दीन. गौसुद्दीन यांनी आपला मुलगा हुमायून सखी याला रबाब शिकवला. १९९२ साली हे कुटुंब पेशावरला पळालं. हुमायून तेव्हा सोळा वर्षांचा होता. तिथं त्यानं रियाज सोडला नाही. पुढं तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. तिथं त्यानं अफगाण मुलांना शिकवलं आणि आज जगातल्या नावाजलेल्या रबाबवादकांत त्याचं नाव घेतात. उस्ताद महवश याही १९९१ मध्ये पाकिस्तानातून कॅलिफोर्नियालाच पोचल्या होत्या. रेडिओ काबूलचे काही जुने कलावंत युरोपात जमले, त्यांच्या मेळ्यात महवश गायल्या. त्या मेळ्याच्या एका ध्वनिमुद्रिकेचं नावच त्यांनी 'रेडिओ काबूल' ठेवलं होतं. घर गेलं तरी घराच्या नावाची पाटी त्यांनी बरोबर नेली.

इकडे काबूलमध्ये १९९२ साली मुजाहिदीन सत्तेवर आले आणि आपसातच लढले. रॉकेटच्या माऱ्यात शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यात खराबात मोहल्लाही गेला. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या गल्लीत दर घरातून रियाजाचा आवाज यायचा, तिथं मातीचे ढीग उरले. गाण्यावर बंधनंही तेव्हापासूनच आली. बायकांचं गाणं रेडिओवरून हटवण्यात आलं. हेरातमध्ये वादकांना परवाना घ्यावा लागे, आणि काय गायचं त्यावरही अटी होत्या.

मग २७ सप्टेंबर १९९६ ला तालिबाननं काबूल घेतलं. संगीतावर पूर्ण बंदी आली. वाद्यं फोडली, जाळली. नाक्यानाक्यावर गाड्या थांबवून कॅसेटी काढून घेतल्या. त्यांतली काळी फीत ओढून खांबांवर, झाडांवर लटकवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला जरब बसावी म्हणून. वाद्याविना म्हटलेली धार्मिक आणि लढाईची गाणी तेवढी चालायची. त्यांना तराना म्हणत.

बंदी घालणाऱ्यांचं काम सोपं का झालं? आमच्यात यावर पुष्कळ चर्चा झाली. हातात बंदूक होती हे खरंच. पण गाणारा हलका, गाणारी त्याहून हलकी, हे लोकांच्या मनात आधीपासून होतंच. ज्याला आधीच कुणी पंगतीत घेत नव्हतं, त्याला गावाबाहेर काढताना विरोध करायला किती जण उभे राहणार?

तरीही गाणं वाचलं. कसं, ते आता सांगतो. आम्हाला त्याच्या तीन जागा दिसल्या.

पहिली जागा, कपाट. काबूलच्या रेडिओच्या इमारतीत जुन्या गाण्यांच्या हजारो टेप होत्या. सराहंग होते, परवीन होती, महवश होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्या जिवाच्या करारानं सांभाळल्या आणि त्यांतल्या बऱ्याच वाचल्या. सरकारी चित्रपट संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी तर जुन्या चित्रपटांची रिळं एका खोलीत ठेवली आणि दारावर खोटी भिंत चढवली. पकडले गेले असते तर जीव गेला असता. ही काही पुढारी माणसं नव्हती. पगारावर काम करणारी, रजिस्टर लिहिणारी, किल्ल्या सांभाळणारी साधी माणसं होती. २००१ मध्ये तालिबानची सत्ता गेली, तेव्हा ती भिंत फोडून रिळं बाहेर काढली. पुढं रेडिओच्या टेपा संगणकावर चढवण्याचं कामही सुरू झालं.

दुसरी जागा, हात. परदेशात गेलेल्या गवयांनी मुलांना जे शिकवलं, ते त्यांच्या हातांत राहिलं. टेपवर गाणं ऐकू येतं. पण बोट कुठं दाबायचं, चुकल्यावर कसं सावरायचं, कुठल्या जागी थांबायचं, हे समोर बसलेला उस्तादच सांगतो. २००३ मध्ये आगा खान यांच्या संस्थेनं काबूल आणि हेरातमध्ये संगीत शिकवायला सुरुवात केली. तेव्हा वयस्क उस्ताद शोधून काढले आणि त्यांच्यासमोर मुलं बसवली. मधे एक अख्खी पिढी कोरी गेली होती. आजोबांच्या वयाचे उस्ताद आणि नातवाच्या वयाचे शागिर्द, अशी ती शाळा भरली.

तिसरी जागा, ओठ. ही जागा कुणाच्या झडतीत सापडत नाही. पश्तो बायकांमध्ये लांदई नावाचा एक प्रकार आहे. दोनच ओळी. पहिली नऊ अक्षरांची, दुसरी तेरा अक्षरांची. लांदई या शब्दाचा अर्थच छोटा विषारी साप. एवढ्याशा ओळींत त्या सगळं बोलतात. जुळवलेलं लग्न, म्हातारा नवरा, लपवलेलं प्रेम, लढाईवर गेलेला माणूस, परमुलखातला वनवास. पाणी भरताना, कपडे धुताना, लग्नात दायऱ्यावर त्या म्हटल्या जातात. रचणारीचं नाव कुठंच नाही, आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच. नाव नाही म्हणून पकडायचं कुणाला? सय्यद बहाउद्दीन मजरूह या अफगाण कवीनं निर्वासित बायकांच्या तोंडच्या लांदई गोळा केल्या. १९८८ साली पेशावरमध्ये त्यांचा खून झाला. पण त्या ओळी आजही बायका म्हणतात.

अंगाईचंही तेच. पाळण्याशी बसलेल्या आईच्या ओठांवर पहारा कोण ठेवणार? तंबू असो, परदेशातली सदनिका असो, मूल झोपवायचंच असतं. ज्या मुलांनी काबूल कधी पाहिलं नाही, त्यांच्या कानांत काबूलची भाषा आणि सूर असे पडले.

२००१ नंतरची वीस वर्षं आशेची होती. २०१० साली डॉ. अहमद सरमस्त यांनी काबूलमध्ये राष्ट्रीय संगीत संस्था सुरू केली. मुलं-मुली एका वर्गात. अनाथ आणि रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी जागा राखलेल्या. रबाब आणि सतारीबरोबर व्हायोलिन आणि पियानोही शिकवायचे. ११ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या मुलांचा कार्यक्रम चालू असताना आत्मघाती स्फोट झाला. डॉ. सरमस्त जबर जखमी झाले, त्यांच्या कानांना इजा झाली. संगीताच्या माणसाचे कानच गेले तर? उपचार घेऊन ते परत काबूलला आले आणि शाळा पुन्हा सुरू केली.

याच शाळेतल्या मुलींनी जोहरा नावाचा वाद्यवृंद उभा केला. जोहरा म्हणजे शुक्राची चांदणी. त्यात सगळ्या मुलीच. नगीन खपलवाक ही कुनार प्रांतातली मुलगी त्याची संचालक झाली. नातेवाइकांनी विरोध केला, वडील मात्र पाठीशी उभे राहिले. २०१७ च्या जानेवारीत या मुलींनी स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये जगभरच्या पुढाऱ्यांसमोर वादन केलं.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये आलं. संगीत संस्था बंद पडली. मुलींनी वाद्यं शाळेतच सोडली, फोटो आणि प्रमाणपत्रं नष्ट केली. त्याच महिन्यात अंदराब खोऱ्यातले लोकगायक फवाद अंदराबी यांना घराबाहेर नेऊन गोळी घातल्याचं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. ते घिचक वाजवून आपल्या डोंगरांची, गावाची गाणी गायचे. त्यांचा दोष तो एवढाच.

संगीत संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांच्या घरचे मिळून २७३ जणांना देशाबाहेर काढण्यात आलं. २०२१ च्या डिसेंबरात ते पोर्तुगालला पोचले. आता त्या देशातल्या ब्रागा आणि गिमारायंश या दोन गावांत त्यांची शाळा भरते. जोहरा पुन्हा वाजते, पण स्वतःच्या देशापासून हजारो किलोमीटर लांब.

मागं राहिलेल्यांचं काय? जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये वाद्यांची होळी झाली. त्यात पेटी होती, तबला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नवा कायदा जाहीर झाला. त्यात बाईचा आवाजच झाकण्याची वस्तू ठरवला. चारचौघांत तिनं गायचं नाही, मोठ्यानं काही म्हणायचंही नाही.

आमच्या काळजाला सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच बातमी. बदखशान प्रांतात सदा-ए-बानुवान नावाचं रेडिओ केंद्र आहे. नावाचा अर्थ, बायकांचा आवाज. आठ जण काम करणारे, त्यांत सहा बाया. आपल्या केंद्रासारखंच म्हणा ना. २०२३ च्या रमजान महिन्यात संगीत वाजवल्याचा ठपका ठेवून अधिकाऱ्यांनी त्याला टाळं लावलं. केंद्राच्या प्रमुख बाईंनी आरोप नाकारला. आठवड्याभरानं, नियम पाळण्याच्या अटीवर ते पुन्हा उघडलं. ही बातमी वाचून आम्ही स्टुडिओत बराच वेळ गप्प बसलो होतो. कार्यक्रमाआधी सरोदची धून लावताना आम्ही कधी दोनदा विचार केलेला नाही. त्यांना त्यासाठी केंद्र गमवावं लागलं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला जगाच्या वारशाच्या यादीत घेतली. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावानं. मान मोठा आहे. पण जिथं रबाब वाजवायला मनाई आहे, तिथं तो मान कुठल्या भिंतीवर लावायचा? यादीत नाव असणं वेगळं आणि पोराच्या हातात वाद्य असणं वेगळं.

आता जाता जाता आमची एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात आम्ही एका आजींची गाणी रेकॉर्ड केली होती. लग्नातली, हळदीची, रुखवताची. दोन तास त्या गात होत्या. आम्ही खूश झालो. गाणी संगणकात ठेवली आणि विसरून गेलो. दुसरीकडे प्रत ठेवली नाही. संगणक बिघडला, दुरुस्त होऊन आला तेव्हा आतलं सगळं पुसलं गेलं होतं. आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तर आजींना जाऊन दोन महिने झाले होते.

चहा घेताना आम्ही हळहळत होतो. आजींच्या सूनबाई चुलीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यातली चार-पाच मला येतात." आम्ही चकित. "अहो ताई, मग मागच्या वेळी का नाही बोललात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलंच नाही."

अफगाणिस्तानची गोष्ट वाचताना आम्हाला त्या सूनबाई सारख्या आठवत होत्या. कपाट हवंच, पण आमच्या कपाटानं दगा दिला. गाणं राहिलं ते ऐकता ऐकता शिकलेल्या एका बाईच्या ओठांवर. आणि तिला आम्ही गाणारी समजत नव्हतो.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला, वह्या मिटल्या की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला एक गाणं म्हणायला सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड कराच, आणि दोन जणींच्या मोबाइलवर करा. आणि तिथल्या तिथं कुणा तरी एकीनं, शक्यतो तरुण पोरीनं, ते तोंडपाठ करायला घ्या. गाणारीचं नाव वहीत लिहा. कुणी म्हणालं, 'ही काय गात बसलीय,' तर त्यांना खराबातची गोष्ट सांगा.

आणि संध्याकाळी हिंगाची डबी उघडाल तेव्हा बदखशानच्या त्या सहा जणींची आठवण काढा.